न पिवळी होणारी कावीळ

कावीळ म्हटली कीं आपल्यापुढें पिवळे डोळे, गडद लघवी, अन्नावरची उडालेली वासना आणि खाटेला खिळलेलें माणूस असें चित्र उभें राहतें. आज ज्या काविळीविषयीं मी बोलणार आहें ती बहुधा यांपैकीं एकही खूण दाखवीत नाहीं. डॉक्टर लोक तिला ‘हिपॅटायटिस बी’ म्हणतात. आपण सोयीसाठीं तिला ‘ब’ कावीळ म्हणूं. ती पाळण्यांतल्या वयांत शरीरांत शिरते, वीस-तीस वर्षें मुकाट्यानें बसून राहते, आणि माणूस भर कर्तेपणाच्या वयांत आला म्हणजे त्याचें यकृत आंतल्या आंत निबर होत चाललें आहे असें एके दिवशीं कळतें. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या अरण्यमय जिल्ह्यांत माझी सारी नोकरी झाली. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर; परंतु हा रोग जिच्या माहेरीं निघाला अशी माझी एक विद्यार्थिनी मला सल्ला विचारावयास आली, तेव्हांपासून डॉक्टरांना विचारून आणि वाचून जें समजलें तें सांगतों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कावीळ हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. यकृताचें काम बिघडलें कीं पित्तांतील पिवळें द्रव्य रक्तांत सांचतें व डोळ्यांत दिसूं लागतें. पावसाळ्यांत एखाद्या मोहल्ल्यांत एकदम पन्नास माणसें पिवळीं पडतात, ती बहुधा ‘अ’ किंवा ‘ई’ जातीच्या विषाणूंची करणी. ते दूषित पाण्यावाटें पोटांत जातात. १९५५-५६ सालीं दिल्लीस यमुनेच्या पाण्यांत मैला मिसळून जी प्रचंड सांथ झाली ती ‘ई’ जातीची होती, असें मागाहून सिद्ध झालें. हे पाहुणे कांहीं आठवडे राहून निघून जातात. ‘ब’ आणि ‘क’ यांची वाट निराळी. ती रक्ताची वाट आहे. बाळंतपणांत आईकडून मुलाला, दूषित सुईनें, न तपासलेल्या रक्तानें, एकाच वस्तऱ्यानें, आणि स्त्री-पुरुषसंबंधानें हा विषाणु जातो. पाण्यानें, अन्नानें, एका ताटांत जेवल्यानें, शिंकेनें किंवा डांसाच्या चाव्यानें तो जात नाहीं. हें शेवटचें वाक्य आपण ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

आपल्याकडे काविळीची माळ घालण्याची चाल आहे. एखाद्या वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गांठींत बसवून ती माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आकसतात, गांठी सुटतात, माळ लांबत लांबत गळ्यांत आणि मग छातीपर्यंत उतरते. रोग उतरला असें सर्वांना वाटतें. कोठें हात चुन्याच्या निवळीनें धुतात आणि पाणी पिवळें होतें; हाताला आधीं चोळलेल्या सालीच्या रसाचा तो रंग असतो. या प्रकाराला हंसण्याचें कारण नाहीं, कारण रोगी खरोखरच बरा होतो. पाण्याची कावीळ आपोआपच बरी होणारी असते. इतकेंच काय, धडधाकट प्रौढ माणसाला ‘ब’ विषाणूची बाधा झाली तरी शंभरांतील सुमारें पंचाण्णवांच्या शरीरांतून तो सहा महिन्यांच्या आंत हुसकला जातो. माळेला यश मिळतें तें असें. जो रोगी पिवळाच पडत नाहीं तो माळवाल्याकडे जात नाहीं, आणि खेदाची गोष्ट अशी कीं तो डॉक्टरकडेही जात नाहीं.

या रोगाचें सारें रहस्य एका प्रश्नांत आहे: विषाणु शिरला तेव्हां माणसाचें वय काय होतें? जन्मतांना किंवा पहिल्या वर्षांत बाधा झालेल्या १०० मुलांपैकीं सुमारें ९० मुलांच्या शरीरांत तो कायमचा राहतो. एक ते पांच वर्षांच्या मुलांत हें प्रमाण २५ ते ५० असतें. प्रौढांत पांचांहूनही कमी. ही गोष्ट प्रथम उलटी वाटते. नाजुक अर्भक आजारी पडत नाहीं आणि तगडा जवान पिवळा पडून अंथरूण धरतो, असें कां व्हावें? याचें कारण असें कीं यकृताची नासाडी विषाणु स्वतः फारशी करीतच नाहीं. ती आपलीच प्रतिकारशक्ति करते. जवानाच्या शरीरांतील सैनिक शत्रूला ओळखतात आणि विषाणु ज्या पेशींत दडला त्या पेशींसकट त्याला मारतात. कावीळ हा त्या लढाईचा धूर होय. अर्भकाचे सैनिक आपला कोण व परका कोण हें अजून शिकत असतात. ते या पाहुण्याला घरचाच समजतात. लढाई नाहीं, म्हणून धूर नाहीं.

पेशींत शिरल्यावर हा विषाणु काय करतो तें आमच्याकडील कचेरीच्या भाषेंत सांगतां येईल. तहसिलींत मूळ दस्तऐवज रेकॉर्डांत असतो आणि नकलनवीस त्यावरून नकला काढून देतो. हा विषाणु आपल्या अनुवंशद्रव्याचा असाच एक मूळ दस्तऐवज यकृतपेशीच्या केंद्रकांत नेऊन ठेवतो, आणि पेशीकडूनच त्याच्या अगणित नकला काढवून घेतो. आजचीं औषधें नकलनविसाचा हात धरतात. मूळ दस्तऐवजापर्यंत तीं पोंचत नाहींत. म्हणून गोळी घेतांना रक्तांतील विषाणु दिसेनासा होतो आणि गोळी मनानें बंद केली कीं पुष्कळदां दुप्पट जोरानें परत येतो. ‘अहवाल चांगला आला, आतां औषध कशाला?’ असें म्हणणाऱ्या रोग्यानें ही रेकॉर्डाची खोली डोळ्यांपुढें आणावी.

या विषाणूचा शोध लागला तोही शोधावयास गेले एक आणि सांपडलें दुसरेंच, असा. अमेरिकेंतील बारूक ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांतील भेद तपासीत होते. वारंवार रक्त घ्यावें लागलेल्या एका रोग्याच्या रक्तद्रवानें ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या रक्तांतील अज्ञात पदार्थावर क्रिया केली. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेला हा ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणजे आपल्या विषाणूचें बाह्य कवच, हें पुढें उघड झालें. त्यांना १९७६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच आतां जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. आपल्या अहवालावर ‘एचबीएसएजी’ अशीं जीं अक्षरें असतात तीं याच कवचाचीं होत. सहा महिन्यांच्या अंतरानें दोन वेळां तें सांपडलें तर रोग जुनाट झाला असें समजतात.

आतां जुनाट रोगाची वाटचाल पाहूं. पाळण्यांत बाधा झालेल्या मुलाचें पहिलें पर्व शांततेचें. रक्तांत विषाणु कोट्यवधि, ‘ई प्रतिजन’ नांवाची त्याची दुसरी खूणही हजर, आणि यकृत मात्र जवळजवळ अबाधित. यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे रक्तांत जें द्रव्य वाढतें आणि जें आपण ‘एसजीपीटी’ या नांवानें ओळखतों, तें अगदीं प्रमाणांत. मूल शाळेंत येतें, कबड्डी खेळतें, मॅट्रिक होतें. हें पर्व वीस, कधीं तीस वर्षें चालतें. माझ्या वर्गांत अशीं किती मुलें बसून गेलीं असतील तें मला कळण्याचा मार्गच नव्हता. याच काळांत दुसऱ्यास बाधा देण्याची शक्ति सर्वांत अधिक असते, आणि मुलींच्या बाबतींत तोच काळ मातृत्वाचा असतो. रोग एका पिढींतून दुसऱ्या पिढींत जातो तो या दारानें.

दुसरें पर्व संघर्षाचें. पुष्कळदां विशी-तिशींत प्रतिकारशक्ति जागी होते आणि यकृतपेशींवर हल्ले सुरू करते. एसजीपीटी वर चढते, उतरते, पुन्हां चढते. बाहेरून दिसलाच तर थोडा थकवा, उजव्या बरगडीखालीं जडपणा, भूक मंद. बहुधा तेवढेंही नाहीं. प्रत्येक हल्ल्यानंतर यकृत आपली मोडतोड दुरुस्त करतें, आणि जखमेवर व्रण राहावा तसा थोडा तंतुमय भाग मागें ठेवतें. हें पर्व थोडक्यांत आटोपलें तर उत्तम. वर्षानुवर्षें रेंगाळलें तर खरें नुकसान येथेंच होतें.

तिसरें पर्व तहाचें. ई प्रतिजन नाहींसा होतो, विषाणूची संख्या घटते, यकृत शांत होतें. पुष्कळांचें उरलेलें आयुष्य या तहांतच जातें, आणि वर्षाकाठीं शंभरांत सुमारें एकाच्या रक्तांतून तर कवच-प्रतिजनही निघून जातो. परंतु कांहीं जणांत तह मोडतो. विषाणु आपलें रूप किंचित् बदलतो, ई प्रतिजन न दाखवितांच पुन्हां वाढतो, आणि चाळिशीनंतर दाह नव्यानें पेटतो. ई प्रतिजन नाहीं एवढ्यावरून ‘आपला रोग झोपला’ असें मानणारा माणूस फसतो तो येथें. हीं पर्वें नाटकाच्या अंकांसारखीं ठराविक क्रमानें येतातच असेंही नाहीं. रोगी एकांतून दुसऱ्यांत जातो, मागें येतो, एखादें वगळतोही. म्हणून एका अहवालावरून कोणीही डॉक्टर छातीठोक भविष्य सांगत नाहीं. चार-पांच वर्षांचे अहवाल एकापुढें एक मांडले म्हणजे मग दिशा दिसते.

दाह पेटता राहिला आणि औषध मिळालें नाहीं तर अशा १०० रोग्यांपैकीं ८ ते २० जणांचें यकृत पांच वर्षांत सिरॉसिसच्या अवस्थेला पोंचतें. म्हणजे मऊ, लवचिक यकृत व्रणांच्या जाळ्यांनीं आंवळून गांठाळ होतें. यकृताच्या अंगीं राखीव बळ इतकें आहे कीं तेव्हांही माणूस कामावर जातच असतो. हिंदी चित्रपटसृष्टींतील नट अमिताभ बच्चन यांनीं स्वतःचें उदाहरण जाहीरपणें सांगितलें आहे. १९८२ सालीं चित्रीकरणांतील अपघातानंतर त्यांना सुमारें दोनशें रक्तदात्यांचें रक्त द्यावें लागलें. त्यांतून हा विषाणु आला. आणि कित्येक वर्षांनीं साध्या तपासणींत तो उघडकीस आला तेव्हां यकृताचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग गेलेला होता. मधल्या काळांत ते चित्रपटांत कामें करीतच होते. राखीव बळ संपलें म्हणजे मात्र पोटांत पाणी सांचतें, पाय सुजतात, अन्ननलिकेंतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, बुद्धीला भ्रम पडतो.

शेवटची भीति कर्करोगाची. तैवानांत २२,७०७ पुरुषांचा अनेक वर्षें मागोवा घेऊन १९८१ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं विषाणु बाळगणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २२३ पट होता. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचें नातेंही इतकें घट्ट नाहीं. सिरॉसिस झालेल्यांत दर वर्षीं शंभरांत दोन ते पांच जणांना हा कर्करोग होतो, आणि या विषाणूची विशेष दुष्टाई अशी कीं सिरॉसिस नसतांही तो होऊं शकतो. सर्व मिळून, बालपणीं बाधा झालेल्या व उपचार न मिळालेल्या शंभरांपैकीं पंधरा ते पंचवीस माणसें याच रोगानें अकालीं जातात. म्हणजे पंचाहत्तरांहून अधिक जात नाहींत, हेंही तितकेंच खरें. परंतु आपण कोणत्या रांगेंत आहोंत हें तपासल्यावांचून कळत नाहीं.

आतां त्या विद्यार्थिनीची हकीकत. वैनगंगेकांठच्या एका गांवची ती. पहिल्या गरोदरपणांत रक्ततपासणींत कवच-प्रतिजन निघाला. ती म्हणाली, “गुरुजी, मला तर जन्मांत कधीं कावीळ झाली नाहीं.” सासरीं तिचें ताट-वाटी वेगळें काढण्यांत आलें होतें. तिच्या माहेरच्यांचें रक्त तपासलें तेव्हां आई आणि दोन्हीं भाऊ बाधित निघाले. घराण्याचा शाप म्हणून ज्याची कुजबूज झाली तो आईकडून तिन्हीं मुलांना जन्मवेळीं मिळालेला विषाणु होता. पाहा, एकच विषाणु, एकच घर, आणि चार निरनिराळ्या वाटा! साठीच्या आईचा तह टिकलेला; यकृत साफ. थोरला भाऊ सागवानाच्या मालमोटारी हांकणारा, रोज रात्रीं मोहाची दारू घेणारा. छत्तिसाव्या वर्षीं सिरॉसिस. धाकटा संघर्षाच्या पर्वांत. आणि ती स्वतः अजून पहिल्या, शांत पर्वांत, परंतु रक्तांत विषाणु उदंड. तिला गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहींत टेनोफोव्हिरची गोळी दिली, बाळंतपण इस्पितळांत झालें, आणि मुलाला जन्मल्याबरोबर कांहीं तासांत लस व तयार प्रतिपिंडांचें इंजेक्शन अशीं दोन्हीं दिलीं. तिनें मुलाला अंगावर पाजलें. त्याला डॉक्टरांची हरकत नव्हती. वर्षाच्या सुमारास मुलाचें रक्त तपासलें तें स्वच्छ निघालें. साखळी तेथें तुटली.

ही साखळी सर्वत्र तोडावयाची तर लसीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत पडला पाहिजे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पुढील डोस पंचगुणी लसींतून मिळतात, पण ते पहिल्याची भरपाई करीत नाहींत. आईकडून आलेला विषाणु तोंवर रेकॉर्डाच्या खोलींत शिरलेला असतो. नागपुरांत किंवा पुण्यांत चोवीस तास ही क्षुल्लक अट आहे. गडचिरोली जिल्ह्यांत, जो १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झाला आणि ज्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे, तेथें तीच डोंगराएवढी होते. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागड वर्षानुवर्षें जगापासून तुटत आलें आहे. पाड्यावर घरींच बाळंत झालेल्या बाईच्या मुलाला लस मिळते ती पुष्कळदां सहाव्या आठवड्याची. गरोदर स्त्रियांनीं दिवस भरत आल्यावर आरोग्यकेंद्राजवळ येऊन राहावें म्हणून ‘माहेरघर’ काढलीं आहेत तीं या दृष्टीनें फार मोलाचीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून घरोघरीं नवजात बालकांची शुश्रूषा करविली, इंजेक्शनेंसुद्धां देवविलीं, आणि १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचा वृत्तांत आला. नेमलेल्या दिवशीं दारांत पोंचणारी बाई ही या कामीं इमारतीपेक्षां मोठी वस्तु आहे, असें माझें मत आहे. लसीचा स्वभावही अनुकूल आहे: ती थोड्या दिवसांची उष्णता सोसते. तिला गोठणें मात्र सोसत नाहीं. बर्फाला चिकटून गोठलेली बाटली वरून ठीक दिसली तरी निकामी होते.

आदिवासी समाजांत हा विषाणु अधिक आहे असें नेहमीं लिहिलें जातें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय समालोचनांत इतर समाजांत शेंकडा २.४ आणि आदिवासींत शेंकडा १५.९ असे आंकडे दिले होते. परंतु त्यांत अंदमान-निकोबारकडील अगदीं लहान जमातींचे फार मोठे आंकडे मिसळलेले आहेत. ते गोंड-माडियांना जसेच्या तसे चिकटविणें योग्य नव्हे. गोंदणाची सुई, जत्रेंतलें गोंदणयंत्र, भोंदू डॉक्टरची पुन्हां पुन्हां वापरलेली पिचकारी, हे धोके मात्र खरे आहेत. या भागांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ आणि त्यांना वारंवार रक्त द्यावें लागतें. त्यांना ही लस आधीं टोंचलेली असणें अगत्याचें. आणि दारू. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. त्या वादांत मी शिरत नाहीं. ज्याच्या यकृतांत हा विषाणु आहे त्याच्यापुरता वाद नाहींच. त्याला प्रत्येक पेला व्रणांत भर घालणारा आहे.

लसीचा पराक्रम तैवाननें दाखविला. तेथें १९८४ पासून नवजात मुलांना ती देऊं लागले आणि मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणें घटला. कर्करोग टाळणारी ही पहिलीच लस. आपल्याकडे १९९७ सालीं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें देशी लस काढली, किंमत आटोक्यांत आली, आणि २०११ पर्यंत ती देशभरच्या राष्ट्रीय लसीकरणांत दाखल झाली. पण तत्पूर्वीं जन्मलेले आपण सर्व उरलोंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२२ सालीं भारतांत २ कोटी ९८ लक्ष माणसें हा विषाणु बाळगून होतीं. त्यांतील बहुतेकांना तें ठाऊक नाहीं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांत सरकारी रुग्णालयांतून तपासणी व औषध मोफत मिळतें. प्रत्येकाला गोळी लागतेच असें नाहीं; रक्तांतील विषाणूची मोजणी, एसजीपीटी, यकृताचा कठिणपणा आणि वय पाहून डॉक्टर ठरवितात. ज्यांना लागते त्यांना ती बहुधा अनेक वर्षें, पुष्कळदां जन्मभर घ्यावी लागते. ज्यांना लागत नाहीं त्यांनींही वर्षांतून एकदोनदां तपासणीस जावें, आणि सिरॉसिस असलेल्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी, कारण लहान असतांना सांपडलेली गांठ काढतां येते.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं काय करावें? घरांत स्वयंपाक करणारी बाई किंवा नवी सून बाधित निघाली तर तिचें ताट वेगळें काढूं नये. त्यानें कोणाचेंही रक्षण होत नाहीं आणि पुढची बाई तपासणी लपविते. वेगळीं ठेवावयाचीं तीं दाढीचें पातें, दांत घासण्याचा ब्रश, नखें काढण्याचें हत्यार. कारण वाळलेल्या रक्ताच्या डागांतही हा विषाणु निदान सात दिवस जिवंत राहतो. बाधित व्यक्तीच्या आईचें, भावंडांचें, मुलांचें, पति किंवा पत्नीचें रक्त तपासून घ्यावें. जे बाधित नाहींत आणि ज्यांना पूर्वीं लस मिळालेली नाहीं त्यांनीं ती टोंचून घ्यावी: आज एक, महिन्यानें दुसरी, आणि पहिलीपासून सहा महिन्यांनीं तिसरी. बाधिताच्या पति-पत्नीनें तिसऱ्या टोंचणीनंतर एकदोन महिन्यांनीं प्रतिपिंडांची मोजणीही करावी. ती लिटरला दहा एककांच्या वर असली म्हणजे लस लागू पडली असें समजावें, आणि तो कागद जुन्या अहवालांच्या पाकिटांत ठेवून द्यावा.